कुंभारीला राहायला जावं का? आई विडी वळते, मी यंत्रमागावर

साखरपेठकर:
आईच्या नावावर सोलापूरजवळ कुंभारीत, रे नगर या कामगारांच्या वसाहतीत घर मिळालंय. सध्या आम्ही सोलापूर शहरात साखर पेठेत एका भाड्याच्या खोलीत राहतो, चौघं जण. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे, त्यामुळे कुंभारी मला उलट सोयीची पडेल. पण आईचं मन होत नाही. तिचा विडी कारखाना इथून चालत जाण्यासारखा आहे आणि मैत्रिणी सगळ्या याच गल्लीतल्या. तिकडं राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

कुंभारीची अक्का:
मी कुंभारीतच गोदुताई परुळेकर वसाहतीत २००६ पासून आहे. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, त्या वर्षी आम्हाला घरं मिळाली. १०,००० घरं, तीही विडी कामगार बायकांच्या नावावर. कामगार नेते आडम मास्तरांबरोबर किती मोर्चे काढले तेव्हा! घराचा खर्च ६०,००० रुपये. २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे आणि २०,००० आमचे. आमचा वाटा हप्त्याहप्त्यानं फेडला. त्याआधी मालक घर रिकामं करा म्हणाला की पोरं, भांडी घेऊन निघायचं. आता घरावर माझं नाव आहे, हे मी कधीच विसरत नाही. तुझ्या आईचंही नाव लागलंय, ते घर विकायचं मनात आणू नका.

आता आईच्या कामाचं. तू विडी वळत नाहीस म्हणून नीट सांगते. हजार विड्यांचं पान आणि तंबाखू कारखाना मोजून देतो. पान फाटकं निघालं की हजार भरत नाहीत, मग पदरचं पान घालावं लागतं. वर माल देताना छाट काढतात, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकतात, ती वेगळीच. तिथं बाई स्वतः उभी असली तर दोन शब्द भांडते. दुसऱ्याच्या हातून माल पाठवला की छाट जास्त. म्हणून तिच्या कारखान्याची शाखा इकडं आहे का, आणि तिचं कार्ड इकडच्या शाखेवर बदलून मिळेल का, हे आधी विचार. कुणी मधला माणूस घरपोच पान आणून देतो म्हणाला तर अजिबात ऐकू नका. तसं केलं तर कारखान्याच्या रजिस्टरवरून नाव जाईल, आणि नाव गेलं की पीएफ गेला, बोनस गेला. म्हातारपणी तेवढाच आधार असतो.

रात्रपाळी:
मी रे नगरातच आहे. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते १५,००० घरांचा ताबा दिला, त्यात आमचं. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याच्या शाळेचं आधी बघा, वर्षाच्या मधे नाव काढू नका. रात्री पाळी सुटल्यावर वडाप (शेअर रिक्षा-जीप) मिळेलच असं नाही, मी सायकल ठेवलीय. घर वरच्या मजल्यावर असेल तर आईला पानाचं ओझं घेऊन चढावं लागेल.

साखरपेठकर:
घर वरच आहे. शाखेचं उद्या विचारतो. अक्का, आई म्हणते तिकडं गेल्यावर बतुकम्मा, आमचा तेलुगू बायकांचा फुलांचा सण, कुणाबरोबर खेळू?

कुंभारीची अक्का:
अरे, इकडं अर्ध्या बायका शहराच्या पूर्व भागातूनच आल्यात. तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू सगळं ऐकू येतं. बतुकम्मा आमच्या गल्लीत दरवर्षी होतो, तिला माझ्याकडं घेऊन ये. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ बघायला तर आम्ही अजूनही शहरातच जातो.

आणि एक कर. तिला एकटीला आठ दिवस इथं राहू दे, सूप, कात्री, पान सगळं घेऊन. सकाळी दारात उजेड किती येतो, पान भिजवायला पाणी कधी येतं, दिवसाला विड्या किती होतात ते ती स्वतः बघेल. जायचं की नाही ते तिलाच ठरवू दे, घर तिचं आहे. तोवर साखर पेठेतली खोली सोडू नका.