दहावं घरच्यांचं, मग मित्रांनी काय गप्प बसायचं?

सीवूड्सचा_पक्या: काल इथे कोणीतरी ज्ञान पाजळलं की गे मुलगा गेला तर पुढचं सगळं घरच्यांनी बघावं, मित्रांनी पुढे पुढे करू नये. डोक्यात गेलंय. आमच्या मित्राला केमोला नेरूळहून परळला कोण नेत होतं? आम्ही, आळीपाळीने, आणि रात्री उलटीला टब धरायला त्याचा एक्स, ब्रेकअप होऊन जमाना झालेला तरी. भाऊ थेट स्मशानात उगवला नि विचारतो, तुम्ही ऑफिसचे का? हो म्हणालो. आईला माहीत नव्हतं ना.

कोपरीची_काकू: मीच लिहिलेलं. तुम्हीच लपवलंत, मग भावाने ओळखायचं कसं? आणि पोटचा मुलगा गेलेल्या बाईने आधी तुमचे रुसवे काढायचे?

पक्या: लपवलं त्याने, आम्ही फक्त शब्द पाळला. रुसवे कसले, दहाव्याची वेळ तरी कळवायची.

घोडबंदर_वकील: भावना बाजूला ठेवा. 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सुटलो, 2023 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला नाही म्हटलं. 2024 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर पार्टनरला बॉडी मिळावी. नसतील तर! ते उगवले की संपलं, आणि मित्र तर त्यात कुठेच नाहीत. विल करा.

वाशी_सेक्टर१७: माझ्या फ्लॅटला मैत्रीण नॉमिनी आहे, झालं की काम.

वकील: काही झालं नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणजे वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद.

वाशी_सेक्टर१७: मग सेक्रेटरीने फॉर्म कशाला भरून घेतला?? हा तोच माणूस जो दोन बायका एकत्र राहतात म्हणून एनओसी अडवून बसलेला, वर आमचं पार्किंग भाच्याला दिलंय

खारघर_डोंगर: झालं, आलं पार्किंग. माणूस गेलाय इथे.

वाशी_सेक्टर१७: तुम्हाला घर शोधावं लागलं नाही वाटतं कधी. बोलणं सोपं असतं.

काकू: वकीलसाहेब, विल नसेल तर भावाला जातं ना सगळं?

वकील: हिंदू, अविवाहित मुलगा असेल तर आधी आईला. आई-वडील असताना भावाला काही नाही.

काकू: बघा, कायद्यालाही आईच दिसते. बरं, दहाव्याला मित्रांना बोलवायला हवं होतं, तेवढं मान्य. नाचा आता.

पक्या: आभारी आहे, सुतक संपल्यावर नाचतो.

वाशी_सेक्टर१७: विल रजिस्टर करावंच लागतं का?

वकील: सक्ती नाही. दोन साक्षीदार हवेत, पण मैत्रिणीची सही साक्षीला नको, उगाच भांडणाला जागा. आणि सेक्रेटरीचीही नको.