पाताळकोटात खाली उतरायचंय, सोबत ७१ वर्षांचे बाबा - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळी आटोपली की नागपूरहून पाताळकोटला, म्हणजे मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या पुढे असलेल्या खोल दरीत, जायचं ठरवतेय. बाबा, धाकटा भाऊ आणि मी. गाडी घरचीच. सावनेर, सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा इथवरचा रस्ता पाठ आहे. तिथून तामिया पन्नास-पंचावन्न किलोमीटर. अडचण त्याच्या पुढची आहे.

मागच्या वर्षी भाड्याच्या गाडीनं गेलो होतो. ड्रायव्हरनं रातेडच्या कड्यावर सोडलं आणि म्हणाला, पंधरा मिनिटांत या. खाली बाराशे-पंधराशे फूट दरी, अर्धीअधिक धुक्यानं भरलेली. धुकं जरा सरकलं तसं तळाशी एक कौलारू घर दिसलं. कौलांमधून निळसर धूर झिरपत होता. अंगणात पिवळा ठिपका, वाळत घातलेला मका असावा. कोंबडा आरवला तो एवढ्या वर ऐकू आला. बाबा कठडा धरून उभेच. "वरून पाहून काय करू? त्या घरापर्यंत जायचंय मला," एवढंच बोलले.

त्यांचं कारणही आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला त्यांनी. १८१७ ला सीताबर्डीची लढाई हरल्यावर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिले. पाताळकोटातली राजाखोह नावाची गुहा त्यांच्या लपण्याची जागा, असं तिकडचे लोक सांगतात. सीताबर्डीचा किल्ला बाबांनी पोरांना कितीदा दाखवला असेल, ही गुहा मात्र राहून गेली.

तर, रातेडहून दरीतल्या चिमटीपूर गावाकडे पायवाटेनं उतरायला किती वेळ लागतो? बाबांना चढ जमतो, उतरताना गुडघे बोलतात. गैलडुब्बा गावाच्या बाजूनं सडक खाली जाते असं ऐकलं. पावसाळ्यानंतर छोटी गाडी नेण्यासारखी असते का? राजाखोहला कोणत्या गावातून जवळ पडतं, आणि शेवटचा टप्पा दगडधोंड्यांचा आहे की मळलेली वाट? वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्यायचाय. त्याला दिवसाची मजुरी किती देणं रास्त होईल?

एक रात्र खाली काढावी अशी फार इच्छा आहे. तिथल्या भारिया आदिवासी कुटुंबाकडे राहता येतं का, की आधी गावात कोणाला विचारावं लागतं? कोणाच्या घरात प्रेक्षक म्हणून घुसायचं नाही. मागच्या वेळी कड्यावरच्या मुलांकडे लोक बिस्किटाचे पुडे भिरकावत होते, पाहून जीव तुटला. जे शिजेल ते खाऊ, कुटकीचा (बारीक भरडधान्य) भात काय, मक्याची भाकर काय. फक्त पैसे कसे द्यावेत म्हणजे त्यांना ओशाळवाणं वाटणार नाही, ते सांगा. मध, चारोळी तिथंच विकत घेणार आहोत.

खाली फोन लागतो का? बाबांना बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे जवळचा दवाखाना तामियात की आणखी अलीकडे, तेही हवंय. नोव्हेंबरात दुधी नदीला पाणी कितपत असतं, पायी ओलांडावी लागते का?

जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. गेल्या दोन वर्षांतला अनुभव असेल तर फारच उत्तम, कारण मुक्काम खाली करायचा की तामियात, ते याच आठवड्यात ठरवायचंय.