मारुती ८०० (२००४): नवा स्टिरिओ, जुनी वायरिंग. मागच्या स्पीकरना तीनच वायर, आवाज वाढवला की सेट बंद

जुनी_गाडी_सांगली

गाडी मारुती ८००, २००४ ची. आधीच्या मालकाचा कॅसेट डेक काढून नवा सिंगल डिन (एका खाचेच्या मापाचा) सेट बसवायचाय. ब्लूटूथ, यूएसबी, ऑक्स, एफएम आहे, सीडी नाही. डब्यावर '५० वॉट × ४' छापलंय, सेटच्या पाठीवर १० अँपिअरचा फ्यूज आहे.

डॅशमागे सापडलं ते असं. प्लसची एकच बारीक वायर, किल्ली फिरवल्यावरच तिच्यात करंट येतो. जुन्या डेकची पिवळी (कायम करंटची) आणि लाल (किल्लीवर चालू करणारी) दोन्ही तिलाच पिळून टेप मारलेली. काळी वायर डॅशच्या एका स्क्रूखाली दाबलेली, तीही रंगावरच. मागच्या ट्रेवर सहा बाय नऊ इंचाचे दोन ओव्हल स्पीकर आहेत, पण दोघांना मिळून वायरी तीनच.

सध्या पुढच्या दारांतले दोन स्पीकर तेवढे जोडून नवा सेट लावून बघितलाय. घड्याळ आणि स्टेशनं रोज पुसली जातात. आवाज २५ च्या वर नेला की सेट बंद होऊन आपोआप परत चालू होतो. फोन चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणं लावलं की अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी 'कुंईऽऽ' ऐकू येते. इलेक्ट्रिशियन म्हणतो बॅटरी बदला. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.२ व्होल्ट. मल्टीमीटर आहे, वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

बारा_व्होल्ट

बॅटरीला हात लावू नका. टर्मिनलवर १४.२ म्हणजे अल्टरनेटर आणि रेग्युलेटर ठीक आहेत. व्होल्ट वाटेत गळतायत.

हिशोब करा. ०.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०३७ ओहम. तीन मीटर वायर म्हणजे ०.११ ओहम. बेसच्या ठोक्याला सेट १० अँपिअर ओढतो तेव्हा त्या वायरीतच १.१ व्होल्ट जातात. त्यात पिळलेला काळपट जोड आणि रंगावर दाबलेलं अर्थिंग, म्हणजे आणखी दीड-दोन व्होल्ट सहज. सेटपाशी १०-११ व्होल्टच्या खाली गेलं की तो स्वतःला बंद करतो. ठोका संपला की व्होल्ट परत वर येतात, सेट परत चालू.

खात्री करायची तर सेट चालू ठेवून, आवाज जमेल तेवढा वर नेऊन दोन मापं घ्या. मीटरला लांब वायर जोडून एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं सेटच्या कपलरमधल्या (पाठीमागच्या वायरींच्या प्लगमधल्या) काळ्या वायरीवर. ०.१ व्होल्टच्या आत हवं. मग बॅटरीचा प्लस ते कपलरमधली पिवळी. इथे ०.५ च्या आत. इंजिन बंद असताना ही मापं घेऊन उपयोग नाही असं काही जण म्हणतात, पण वायरीतली गळती इंजिन बंद असतानाही तेवढीच दिसते.

आता जोडणी. पहिलं काम, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा मायनस काढा. पिवळीसाठी बॅटरीपासून २.५ स्क्वेअर एमएमची नवी वायर ओढा, तीन मीटर पुरते. बॅटरीपासून वीतभराच्या आत ब्लेड फ्यूजचा होल्डर, त्यात १५ अँपिअर. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी आहे, सेटसाठी त्याचा स्वतःचा १० चा आहेच. होल्डर डॅशखाली लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची अख्खी वायर उघड्यावर राहते. पत्र्याच्या धारेवर ती घासली की जळायला काही सेकंद पुरतात. इंजिनच्या बाजूने आत येताना कंपनीच्या वायरिंगचं जे रबरी ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) आहे त्यातूनच घाला, नवं भोक पाडू नका. क्लचची केबल आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यापासून लांब बांधा.

ती जुनी बारीक किल्लीची वायर लालला द्या. 'चालू हो' एवढंच सांगायचं तिचं काम, करंट किरकोळ. पिवळीला कायमचा करंट मिळाला की घड्याळ आणि स्टेशनं राहतील. पण म्हणून दोन्ही बॅटरीला जोडू नका. सेट अर्धवट जागा राहून अर्धा अँपिअर ओढत बसला तरी दिवसाला १२ एएच जातात, तुमची ३५ एएच दोन दिवसांत स्टार्टर फिरवायला नकार देईल.

काळीसाठी डॅशखाली बॉडीला वेल्ड केलेला जाड पत्रा शोधा. नाण्याएवढा भाग चकचकीत होईपर्यंत घासा, २.५ च्या वायरीला गोल थिंबल (धातूचं कडं) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, वरून ग्रीसचा हात फिरवा. डॅशच्या प्लास्टिकला धरणारे स्क्रू अर्थिंगसाठी कामाचे नाहीत.

डॅशबोर्डखाली

वरचं सगळं बरोबर. मागच्या तीन वायरींचं मात्र आधी बघा, कारण तिथे सेट जळू शकतो.

जुन्या स्वस्त डेकमध्ये डाव्या-उजव्या स्पीकरचा मायनस एकच असायचा, कधी तर थेट बॉडी. म्हणून तीन वायरींत काम भागायचं. आताच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्प्लिफायर स्वतः चालवतो. गाणं थांबलेलं असतानाही दोन्हींवर बॉडीच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात. मायनस म्हणतात तीही बॉडी नव्हे. मागच्या डाव्याचा (हिरवी) आणि मागच्या उजव्याचा (जांभळी) मायनस एकत्र बांधलात तर दोन अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांना रेटत बसतील. नशीब चांगलं असेल तर सेट 'प्रोटेक्ट' दाखवून गप्प होतो, नाहीतर आयसी (अ‍ॅम्प्लिफायरची चिप) जातो.

जुन्या तीन वायरी पूर्ण बाद करा. ०.७५ स्क्वेअर एमएमची जोडवायर, प्रत्येक स्पीकरला साडेचार-पाच मीटर, एकूण दहा मीटर घ्या. दाराच्या पायपट्टीखालून मागे न्या. सीटच्या रुळाखालून नेलेली वायर सीट पुढेमागे होताना सोलली जाते.

रंग: पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली मायनस. हे रंग सेटच्या कपलरचे. गाडीतल्या वायरींचे रंग वेगळे असतात आणि आधीच्या माणसाने कुठली कुठे जोडली त्याचा भरवसा नाही. त्यामुळे सेटला जोडण्यापूर्वी प्रत्येक जोडी मोजा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. मग जोडीतली एकेक वायर आणि बॉडी यांच्यात मोजा, तिथे मीटर उघडा राहायला हवा, म्हणजे कुठलाच आकडा नको. काहीही आकडा आला तर वायर कुठेतरी पत्र्याला लागलीय, ती शोधल्याशिवाय सेट लावू नका. पुढच्या दारांतल्या स्पीकरचंही हे करा. ते वाजतायत म्हणून बरोबर आहेत असं नाही.

दिशा तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. सेलचा प्लस ज्या टोकाला लावल्यावर कागद बाहेर उचलला जातो ते टोक प्लस. एक स्पीकर उलटा लागला तर आवाज येतो पण बेस गायब होतो, आणि मग लोक उगाच नवे स्पीकर घेतात.

'५० वॉट × ४' वर जाऊ नका. १४.४ × १४.४ भागिले ४ केलं की ५१.८ येतं, तो आकडा तिथून आलाय. आवाज न फाटता मिळतात ते चॅनलला (एका स्पीकरला) वीसेक वॉट. ८०० च्या केबिनला ते भरपूर आहेत.

कोकणी_मेस्त्री

जोडांबद्दल कोणी बोललंच नाही. पिळून काळी टेप मारायची पद्धत सोडा. मे महिन्यात बंद गाडीत डॅशमागे टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि उघडं तांबं शेजारच्या वायरीला लागतं. क्रिंपचा बट कनेक्टर (दोन्ही टोकं आत घालून दाबायची नळी) वापरा, वर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी). नळी जोडण्यापूर्वी वायरीत ओवून ठेवायची असते, हे बहुतेकांना जोड झाल्यावर आठवतं.

सोल्डर करणारे ओरडतील, पण गाडीत सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि थरथरून तिथेच तुटते. कपलरच्या मागे वायर नीट बांधून ठेवणार असाल तर सोल्डर चालेल. दाराच्या बिजागरीपाशी अजिबात नको.

निळी वायर अँटेना किंवा अ‍ॅम्प्लिफायर चालू करायला १२ व्होल्ट बाहेर देते. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, मग तिचं टोक वेगळं बंद करा. न वापरलेल्या बाकीच्या वायरींची टोकंही एकेक करून, एकत्र गुंडाळून नव्हे.

दारात वायर रबरी बेलोमधूनच (दार आणि बॉडीमधल्या घडीच्या नळीतूनच) जाऊ द्या. बेलो सोडून बाहेरून नेलेली वायर दार लावताना चेपते. काच उतरवायचं हँडल काढायला त्याच्यामागे फडक्याची पट्टी घालून डावी-उजवी ओढा, क्लिप उडून येते. दुसऱ्या हाताने झाकून धरा, नाहीतर शोधत बसाल. आतलं प्लास्टिक फाडू नका. पावसाचं पाणी काचेच्या पट्टीतून दाराच्या आत उतरतंच, खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते प्लास्टिक नसेल तर पाणी पॅडवर आणि स्पीकरच्या कागदावर येतं. नवा स्पीकर घेणार असाल तर काच पूर्ण खाली घेऊन चुंबकामागची जागा मोजा.

सेटचा पत्र्याचा पिंजरा १८२ × ५३ मिमीच्या खाचेत बसतो. त्याचे कान डॅशच्या मागे वाकवा आणि सेटच्या पाठीला पट्टीचा आधार द्या. आधार नसेल तर खड्ड्यांत सेटचं वजन कपलरवर येतं.

जुनी_गाडी_सांगली

मापं घेतली. काळीवर ०.९ व्होल्ट, पिवळीवर १.६. दोन्ही नव्याने ओढल्यावर ०.०४ आणि ०.२. आवाज ३५ ला सेट स्थिर आहे, घड्याळ राहतंय. मागच्या नव्या वायरी टाकल्या, चारही स्पीकर ३.५ च्या आसपास, बॉडीशी काही नाही. 'कुंईऽऽ' मात्र तशीच, फक्त ऑक्सवर आणि फोन चार्जिंगला असतानाच. ब्लूटूथवर नाही.

बारा_व्होल्ट

आवाज शून्यावर नेला की 'कुंईऽऽ'ही जाते का बघा. जात असेल तर ती ऑक्समधूनच येतेय, स्पीकरच्या किंवा प्लसच्या वायरीतून नाही. फोनला मायनस दोन वाटांनी मिळतोय, एक चार्जरमधून आणि एक ऑक्सच्या केबलमधून. दोन्ही ठिकाणच्या बॉडीत थोडा फरक असतो आणि अल्टरनेटरची लहर त्या फरकावर बसून सेटमध्ये शिरते. नवं अर्थिंग करूनही हे राहतं, कारण स्वस्त चार्जरचा स्वतःचा गोंगाटही त्यात असतो.

उपाय तीन. ब्लूटूथ वापरा, फुकट. किंवा फोन पॉवर बँकेवर लावा. किंवा ऑक्सच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पुढे जातं पण मायनसची वाट तुटते. फार स्वस्त आयसोलेटरमध्ये ट्रान्सफॉर्मर इतके बारीक असतात की खालचा बेस फाटतो, तेव्हा घेताना तबला किंवा ढोल असलेलं गाणं लावून बघा.

एक तपासायचं राहिलं. सगळं बंद करून, दारं लावून, बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावा आणि एक-दोन मिनिटं थांबा. अख्ख्या गाडीचा आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त आला तर सेटचा फ्यूज काढून परत बघा. मीटर लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.