मदत हवी आहे : लहानपणी निदान झालेला एडीएचडी आणि आता नोकरीत येणाऱ्या अडचणी

नमस्कार. माझे वय ३६ असून नाशिकला अंबड एमआयडीसीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात १२ वर्षे नोकरी करतो. दुसरीत असताना डॉक्टरांनी मला एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण आणि अतिचंचलता असा विकार) असल्याचे सांगितले होते. वर्षभर उपचार झाले, चंचलपणा ओसरला आणि ‘वयाबरोबर जाईल’ या समजुतीने ते थांबले.

यंत्राजवळ उभे राहून जॉब (यंत्रावर तयार होणारे भाग) मोजण्याचे काम मी कायम चांगले केले, कारण वस्तू समोर असे, हातात मोजमापाचा व्हर्निअर असे आणि दर तासाला नोंद करावीच लागे. दोन वर्षांपूर्वी बढती मिळाली. आता ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणे, पुरवठादारांच्या ऑडिटची आखणी करणे आणि मासिक अहवाल तयार करणे ही कामे माझ्याकडे आहेत, आणि त्यांची मुदत पंधरा दिवसांनंतरची असली की ती माझ्या मनातून पार पुसली जातात. मग आदल्या रात्री पहाटेपर्यंत बसून ती पुरी करतो. बैठकीत तिसरी सूचना ऐकेपर्यंत पहिली निसटलेली असते. साहेबांना हा निष्काळजीपणा वाटतो आणि त्यांचा गैरसमज दूर करणे मला जमलेले नाही, याचे फार वाईट वाटते.

वाचनातून कळले की वयाबरोबर अतिचंचलता बहुधा कमी होते, पण अवधान टिकवणे, वेळेचा अंदाज घेणे आणि कामांचा क्रम लावणे यांतील अडचणी अनेकांमध्ये प्रौढपणीही राहतात. मला वाटते, माझ्याही अडचणी कधी गेल्याच नव्हत्या. तासातासाच्या नोंदींच्या शिस्तीने त्या झाकल्या होत्या. २०१३ च्या डीएसएम-५ (अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका) निकषांनुसार १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तीत अवधानाच्या अभावाची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी किमान पाच लक्षणे असावी लागतात आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात. डॉक्टरांचे जुने कागद हरवले आहेत. आईने जपलेली प्रगतिपुस्तके मात्र आहेत आणि चौथीच्या बाईंचा ‘हुशार आहे, परंतु हाती घेतलेले काम अर्धवट सोडतो’ हा शेरा वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

प्रौढ वयात अशी तपासणी कोणी नाशिकमध्येच करून घेतली आहे का, की त्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागले? चिंता किंवा अपुरी झोप यांमुळेही लक्ष लागत नाही. मग डॉक्टरांनी फरक कसा ओळखला? माझा रक्तदाब थोडा वाढलेला असतो, त्यामुळे औषधांविषयी त्यांच्याशी बोलेनच, पण औषध सुरू झाल्यावर कामात नेमका काय बदल जाणवला, हे अनुभवी व्यक्तींकडून समजून घ्यायचे आहे. शिवाय, निदान वरिष्ठांना सांगितल्याने कोणाला उपयोग झाला का? मला सवलत नको आहे. मोठ्या कामाचे टप्पे पाडून प्रत्येकाची वेगळी तारीख आणि सूचना लेखी, एवढेच मागायचे आहे.

आई आता ७० वर्षांची आहे. माझ्या लहानपणाविषयी डॉक्टरांना सांगू शकेल अशी घरात तीच एकटी उरली आहे, म्हणून ही तपासणी मला आणखी लांबवायची नाही.