जखमी कामगाराला गावच्या गाडीत बसवून देणं थांबायला हवं. तुमचं मत?

साकीनाक्याचा सुपरवायझर
आमच्याकडे पत्र्याची कामं करणारे गाळे भरपूर. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, बिहार-यूपीची पोरं, थोडी मराठवाड्यातलीही. बोटं तुटली की पुढचं ठरलेलं असतं. इस्पितळात ठेकेदारच बोलतो, केसपेपरवर ‘घरी दारात बोट चेंगरलं’ असं लिहून घेतो. टाके पडतात, आठ-दहा हजार हातावर टेकवतात आणि कुर्ला टर्मिनसवरून गाडीत बसवून देतात. दुसऱ्या दिवशी त्याच प्रेसवर नवा पोरगा.

माझं म्हणणं, अपघाताची नोंद आणि भरपाईचा अर्ज होईपर्यंत त्याला मुंबईतून हलवू नये. आणि पैसे गाळ्याच्या मालकाने द्यावेत. 1923 पासून भरपाईचा कायदा आहे. वय 25, पगार 15 हजार, एका हाताची दोन बोटं गेली, तर कमाईची हानी 20 टक्के धरतात. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9 हजार, गुणिले त्या वयाचा गुणक 216.91, त्याचे 20 टक्के. 3 लाख 90 हजारांच्या वर जातं. हे त्याच्या हक्काचं आहे.

गाळेवाला, कुर्ला
तीन प्रेस आहेत माझ्याकडे, म्हणून बोलतो. माणसं ठेकेदार आणतो. होळीला गेलेला पोरगा परत येत नाही, त्याच्या जागी चुलतभाऊ येतो. मी कुणाकुणाची नावं ठेवू? दहापेक्षा कमी माणसं, त्यामुळे ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही. एक चार लाखांचा दावा लागला तर गाळा बंद, बाकीचे सहा जण घरी. आणि हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला गार्ड (जाळी) मी लावतो, नगावर पैसे मिळतात म्हणून पोरंच तो काढून ठेवतात. त्याचं खापर माझ्या डोक्यावर का?

साकीनाक्याचा सुपरवायझर
@गाळेवाला, भाऊ, नगाचा दर कुणी ठरवला? गार्ड लावून दिवसाला जेवढे नग निघतात तेवढ्यात त्याचं भागत नाही, म्हणून तो काढतो. दोन हातांची बटणं बसवा. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही, म्हणजे डायखाली (साच्याखाली) हात राहायचा प्रश्न नाही. पायाचं पेडल ठेवलंत की एक हात आत, पाय पेडलवर, आणि बाराव्या तासाला डोळा लागला की संपलं.
नावांचं म्हणाल तर डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) नावाशिवायही निघते, माणसं किती आणि पगार किती एवढ्यावर. दावा विमा कंपनी देते, गाळा बंद पडत नाही.

दादरकर
मला मुळातच पटत नाही. माणूस त्यांच्या राज्याचा, मतदार तिथला, मग सगळा भार मुंबईच्या इस्पितळांनी का उचलायचा? तिकडच्या सरकारने निघतानाच नोंद करून विमा काढून द्यावा.

सिस्टर, अपघात विभाग
@दादरकर, तो घाम इथे गाळतो, बोट इथे जातं, माल इथल्या मालकाचा. एवढं मला पुरे आहे.
केसपेपरचं मात्र लिहिलंय ते खरं आहे. सोबतचा माणूस सांगतो तेच ‘हिस्टरी’त जातं. मी सोबतच्याला औषधं आणायला पाठवते आणि पोराला एकट्याला विचारते. बोटांत पत्र्याचा कीस आणि ऑइल असतं, दारात चेंगरलेल्या बोटात ते कुठून येणार? पण गर्दीच्या रात्री हे प्रत्येकाच्या बाबतीत होत नाही. एकदा लिहिलं की पुढे प्रत्येक टेबलावर तोच कागद जातो.

कामगार न्यायालयातला कारकून
धाग्याच्या मूळ मागणीला माझा विरोध आहे. हाताला पट्टी, खोलीत आठ जण, रोजगार बंद, अशा माणसाला ‘मुंबईतच थांब’ म्हणणं म्हणजे उपाशी ठेवणं. त्याला घरी जाऊ द्या. कामगार जिथे राहतो तिथल्या भरपाई-दाव्यांच्या अधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षं. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, तरी ही सोय राहिली आहे. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, हेही जुनंच. मालकाने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं.

साकीनाक्याचा सुपरवायझर
साहेब, अर्ज तिथून होईल, पुरावा कुठून आणणार? मस्टर (हजेरीपट) नाही, पगार रोखीत, गाळ्यावर पाटी नाही. आमच्या इथल्या पोरांना मालकाचं पूर्ण नाव माहीत नसतं, ‘शेठ’ एवढंच. साक्षीदार महिन्यात भिवंडीला निघून जातो. दोन वर्षांची मुदत कागदावर आहे, पुरावा दोन आठवडेही टिकत नाही.
उपाशी राहण्याचं तुमचं म्हणणं मान्य. म्हणून आधी चार कागद हातात द्या: अपघात कामावर झाला असं लिहिलेला केसपेपर, गाळ्याचा पत्ता, मालकाचं नाव, पगाराचा आकडा. मग खुशाल जाऊ दे.

गाळेवाला, कुर्ला
पॉलिसीची चौकशी करतो. पण अपघात झाला की मीच माझ्याविरुद्ध कागद लिहून द्यायचा, हे कुठलाही मालक करणार नाही. ते काम फॅक्टरी इन्स्पेक्टरचं, आणि आमच्या गल्लीत तो येतच नाही.

सिस्टर, अपघात विभाग
मालकाने नका देऊ. केसपेपरवर कामाच्या जागेचा पत्ता आणि मालकाचं नाव लिहायला एक रकाना असला, तर ते आम्हीच दाखल करून घेताना भरू शकतो. आज तो रकानाच नाही.