रॉयल जेलीचं उत्पादन कसं वाढवावं? (मेलिफेरा, सांगोला, बजेट 15 हजार)

माणदेशी: नमस्कार. सांगोल्याजवळ डाळिंबाच्या पट्ट्यात मेलिफेराच्या (परदेशी मधमाशीच्या) 20 पेट्या आहेत. मध चांगला निघतो, यंदापासून रॉयल जेलीही (राणी होणाऱ्या अळीसाठी माश्या वाटीत सोडतात ते खाद्य) काढतोय. खालच्या कोठ्यात राणी, वर राणीजाळी (राणीला वर येऊ न देणारी), जाळीवरच्या कोठ्यात पिल्लांच्या फ्रेम आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकच्या वाट्यांची फ्रेम. शंभर वाट्यांत अळ्या ठेवल्या तर माश्या जेमतेम निम्म्या धरतात, म्हणजे जेली घालून सांभाळतात. धरलेल्या वाटीतही तळाला पातळ थर. बजेट 15 हजार, त्यापुढे रुपयाही नाही. पैसे कशात घालू?

नगरी: डोळे झाकून ओढणी यंत्र घ्या, वाट्यांतली जेली ओढून काढणारं. मला 40 हजारांना पडलं, पण एका बसणीत चार फ्रेम मोकळ्या होतात. हाताने काढणारे तालुक्यात आता कुणी राहिले नाहीत.

घाटमाथा: नगरीसाहेब, त्यांनी बजेट 15 सांगितलंय. शिवाय वाटीत जेलीच नसेल तर यंत्र ओढणार काय? माणदेशी, अळीचं वय सांगा. 24 तासांच्या आतलीच हवी. ती स्वल्पविरामासारखी किंचित वाकलेली असते, जुन्या काळ्या पोळ्यात डोळ्यांवर ताण दिला तरच दिसते. पटकन दिसली ती अळी मोठी झाली समजा, ती सोडून द्या. बाकी आमच्याकडे महाबळेश्वर भागात सातेरीच, म्हणजे इथली देशी मधमाशी. विकतची माशी आम्ही पाळत नाही.

नगरी: सातेरी जरा काही झालं की पेटी सोडून जाते. तिच्यावर धंदा होत नाही.

घाटमाथा: नीट सांभाळली तर जात नाही. जांभूळ, हिरडा, गेळा फुलतो तेव्हा येऊन बघा.

सिन्नरची_मावशी: भांडू नका रे. माझं ऐक बाळा, आधी साठवणुकीचं बघ. मी जेली काढून फ्रीजमध्ये ठेवली, त्याच रात्री वीज गेली ती दुसऱ्या दुपारी आली. मे महिना. आंबूस वास आणि रंग पिवळा, सगळी टाकून दिली. वीज मंडळाच्या भरवशावर हा माल ठेवू नये. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय काढूच नको, मधच वीक.

परागवेडी: माणदेशी दादा, जेली येते कुठून ते बघा. साधारण 5 ते 15 दिवस वयाच्या दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथी ती पाझरतात, आणि त्या ग्रंथी भरायला प्रथिनं लागतात, म्हणजे परागकण. साखरेच्या पाकाने माशी जगते, पण जेली होत नाही. सांगोल्यात उन्हाळ्यात पराग कुठला? वाट्यांच्या फ्रेमच्या एका बाजूला उघड्या अळ्यांची फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला परागाने भरलेली फ्रेम हवी. पराग नसेल तर तेल काढलेलं सोयाबीनचं पीठ आणि यीस्ट पाकात मळून द्या. त्याला फार तर दोनेक हजार लागतील.

नगरी: पिठाची पोळी आमच्या माश्या ढुंकून बघत नाहीत. यंत्रच घ्या.

कोकणी_मेण: यंत्राला +1. भावाकडे आहे.

निर्यातवाला: सगळ्यांनी मूळ मुद्दा सोडला, तो म्हणजे वाण. चीनमध्ये झेज्यांग प्रांतात इटालियन माशीतूनच जेलीसाठी निवडून निवडून वाण केलाय, आपली पेटी त्याच्या जवळपास पोचत नाही. तिथल्या राण्या मागवा.

घाटमाथा: परवान्याशिवाय जिवंत माश्या देशात आणता येत नाहीत. रोग आला तर ह्यांच्या 20 पेट्यांवर थांबणार नाही, अख्ख्या जिल्ह्याच्या जातील. असले सल्ले देऊ नका. स्वतःच्या 20 पेट्यांतली ज्या पेटीत वाट्या सगळ्यात जास्त भरतात, तिच्याच राणीच्या लेकी वाढवा. पैसे पडत नाहीत.

निर्यातवाला: मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. आणि विकायची असेल तर 10-एचडीए (जेलीतलं खास आम्ल, त्यावरून दर्जा ठरतो) तपासून घ्या. आयएसओ 12824 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ताज्या जेलीत किमान 1.4 टक्के लागतं. तिसरा दिवस उलटू दिला की अळीच जेली संपवते, 68 ते 72 तासांतच काढा.

सिन्नरची_मावशी: दमेकऱ्याला विकू नको हो. काहींना जोराची अ‍ॅलर्जी येते, श्वास अडकतो. बाटलीवर तसं लिही.

माणदेशी: सगळ्यांचे आभार. अळ्या लहानच घेतो, भिंगाखाली. नव्या वाट्या आदल्या दिवशी पेटीत ठेवून माश्यांकडून साफ करून घेतो.

परागवेडी: मग दोन गोष्टी राहिल्या. कोरड्या वाटीत अळी टाकू नका, निम्मं पाणी घातलेल्या जेलीचा थेंब आधी सोडा. आणि तुमच्याकडचं ऊन बघता अळ्या टाकताना फ्रेमवर ओलं फडकं हवंच. निम्म्या वाट्या नाकारतात त्यात वाळलेल्या अळ्या बऱ्याच असणार. आता हिशेब बघा. भरलेल्या वाटीत 200 ते 250 मिलिग्रॅम धरा. शंभरातल्या 80 धरल्या तर फेरीला 16 ते 20 ग्रॅम. तेवढ्यासाठी 40 हजारांचं यंत्र कशाला?

नगरी: माझ्या 120 पेट्या आहेत. मला परवडतं.

माणदेशी: ओलं फडकं आणि थेंब उद्यापासूनच. पैशांचं ठरवलं. यंत्र नाही, राण्या नाहीत, सोयाबीनचं पीठही नाही. आठ पेट्यांना परागसापळे (पेटीच्या तोंडाशी माश्यांच्या पायांवरचा पराग काढून घेणारे) आणि एक जुना डीप फ्रीझर घेतोय. पावसाळ्यात आमच्याकडे मका, बाजरी भरपूर. तेव्हाचा पराग गोठवून ठेवतो आणि उन्हाळ्यात माझ्याच माश्यांना घालतो. बाहेरचा पराग नको, त्यातून रोग येतो. मावशी, विजेचं तुमचं पटतंय, पण फ्रीझर गच्च भरलेला आणि बंद असला की बराच वेळ थंडी धरतो.

सिन्नरची_मावशी: ऐकणार नाहीसच. निदान जेलीच्या बाटल्या तळाशी ठेव, काळ्या काचेच्या.

परागवेडी: सापळा रोज लावू नका, दोन दिवस लावला की दोन दिवस काढा, नाहीतर पिल्लंच उपाशी राहतील. आणि मक्यावर लष्करी अळीसाठी फवारण्या होतात. तुरा येईल तेव्हा आजूबाजूच्या शेतांत कुणी काय आणि कधी फवारलंय ते विचारल्याशिवाय सापळे लावू नका. विषारी पराग साठवलात तर उन्हाळ्यात तोच दाई माश्यांच्या पोटात जाईल.

माणदेशी: हे लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या तिघांचा मका आहे, पेरणीलाच बोलून ठेवतो.