मदत हवी आहे: कारवानी कुत्रीला सोलापुरात मोकळं पळवायचं कुठे?

माझ्याकडे चौदा महिन्यांची कारवानी कुत्री आहे, नाव हरणी. सांगोल्याकडच्या मामांनी त्यांच्या वस्तीवरची दिली. कुणी या जातीला कारवान म्हणतं, कुणी मुधोळ. २००५ च्या टपाल तिकिटावर मुधोळ हाउंड आहे. मामांच्या लेखी ती कारवानी, विषय संपला.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. पुढे बारकं अंगण, मागे बोळ. घरात तिचा काडीचा त्रास नाही. भुंकणं कमी, चपला फाडत नाही, दिवसभर पडून असते. उन्हाळाभर शहाबादी फरशी हाच तिचा पलंग. त्यापायी दोन्ही कोपरांवरचे केस जाऊन काळे घट्टे पडलेत, रुपयाच्या नाण्याएवढे. अंगात चरबी नाहीच, हाड थेट फरशीला टेकतं. गोधडी टाकली की पंजाने बाजूला ओढते आणि परत फरशीवर. यावर कुणाकडे उपाय असेल तर तोही सांगा, पण मूळ दुखणं वेगळं आहे.

गेल्या रविवारी सकाळी फिरायला नेलं होतं. समोरून शेळ्या आल्या, त्यातलं एक करडू उधळलं. हरणी पुढे ओढणार म्हणून मी दोरी घट्ट धरली, तर ती पुढे गेलीच नाही. दोन पावलं मागे सरली, मान खाली घातली, आणि पट्टा कानांवरून निसटला. माझ्या हातात दोरी नि रिकामा पट्टा. शिट्टी, नाव, बिस्किटाचा पुडा, कशालाच दाद नाही. करडाला दात लागले नाहीत हे नशीब. शेळ्यांच्या आजींनी मला शिव्या घातल्या, त्या रास्तच होत्या. अर्ध्या तासाने बाई आल्या, जीभ हातभर बाहेर आणि पुढच्या पायात बाभळीचा काटा.

मामा म्हणतात, "पळायचं कुत्रं हाय ते, बांधून ठिवलंस तर येडं हुईल. रविवारी आण हिकडं, सशामागं सोडू." ते मला करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी नको होतं. नान्नजच्या माळाचं तर नावच काढायचं नाही, तिकडे काळवीट आणि माळढोकाचं अभयारण्य. पण मामांचं पहिलं वाक्य खोटं वाटत नाही. दोरीवर दोन किलोमीटर चालून आली तरी ती फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत असते. घरचे म्हणतात जमत नसेल तर परत दे. परत दिली की ससे आलेच.

तर, कुंपण असलेली मोकळी जागा कुणाला माहीत आहे का? आणि हाक मारल्यावर परत यायला ही जात शिकते का? (शेजारीण रोज विचारते, "हिला खायला घालता का नाही हो?" भाकरी, अंडी, कोंबडी, दोन वेळा पोटभर. तरी बरगड्या दिसतात.)

प्रतिसाद: भीमाकाठ

आमच्याकडे मंगळवेढ्याला हीच जात आहे, वडिलांपासून. आधी पट्टा बदला. यांचं डोकं निमुळतं, साधा पट्टा मागे सरकलं की निघतोच. मार्टिंगेल पट्टा मागवा, ओढलं की तेवढ्यापुरता आवळतो.

हाकेचं म्हणाल तर घरात शंभरदा येईल. पळणारं काही दिसलं की कान बंद. हे नाकावर नाही, डोळ्यांवर शिकार करणारं कुत्रं. शिकवा जरूर, पण त्या भरवशावर माळावर सोडू नका. तिला ससाच हवा असं काही नाही, पळणारं काहीतरी हवं. वेळूच्या काठीला दोरी, दोरीला चिंधी बांधा आणि जमिनीलगत फिरवा. पाच मिनिटं पुरेत. शेवटी चिंधी तिला धरू द्या, नाहीतर वैतागते. जेवणानंतर लगेच नको, आणि उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत उरका.

शेत मिळालं तर आधी स्वतः चालून विहीर आणि तारा बघा. त्या वेगात तार दिसेपर्यंत कुत्रं तारेत गेलेलं असतं, कातडी पातळ, सरळ फाटते. बरगड्यांचं मनावर घेऊ नका, शेवटच्या दोन-तीन दिसायलाच हव्यात. शेजारणीला चहाला बोलवा.

प्रतिसाद: कडकभाकरी

पुढेमागे नसबंदी करणार असाल तर डॉक्टरांना जात आधी सांगा. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध या सडपातळ कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाही. आमचा एकदा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभा राहिला नव्हता, घरात कुणी जेवलं नाही. पुढच्या वेळी वेगळं औषध वापरलं, संध्याकाळी भाकरी मागत होता. घट्ट्यांसाठी गोधडी नको, बाज द्या. खालून वारा लागतो म्हणून आमचा तिच्यावर टिकला.

धागाकर्ता

दोघांचे आभार. पट्टा मागवला, बाज मामांकडून येतेय. जुन्या सोलापुरी चादरीची पट्टी फाडून वेळूला बांधली. पहिल्या फेरीत हरणीने काठीच माझ्या हातातून नेली. दुसऱ्या दिवशी जमलं, पण अंगण पुरत नाही, वळताना तिचा खांदा भिंतीला घासला. त्यामुळे जागेचा प्रश्न तसाच आहे. होटगी रस्ता किंवा विजापूर रस्त्याच्या अंगाला कुणाचं जाळीचं शेत असेल तर सकाळी साडेपाचला अर्धा तास हवं आहे. भाडं देईन. विहीर कुठे आहे तेवढं आधीच सांगा.